बुंध्याची काठी

सॅलो ड्रोव
९ जानेवारी १९४९

होती गं, काठी होती. लाल चिंधीसकट होती. तीन पत्रं झाली, तू तेवढं एकच विचारतेस आणि मी धुक्याचं, वाम माशांचं आणि चॅपलच्या गळक्या छपराचं लिहीत बसते, म्हणून रागावलीस ना? घे, पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

तुला इथून जाऊन तीस वर्षं होतील, पण रीत काही विसरली नसशील. नांगराला जमिनीत आडवं गाडलेलं, जुन्या झाडाचं काळं खोड लागलं की थांबायचं, तिथे काठी खोचायची, आणि थंडीत दहाजण मिळून खोड उपसून काढेपर्यंत तिला हात लावायचा नाही. तुझ्या वेळी घोडे होते. घोडा शहाणा, नांगर अडला की उभा राहतो आणि मागे वळून बघतो, काय रे बाबा? ट्रॅक्टरला कुठलं आलंय डोकं? नांगर मागे खोडात अडकलेला, आणि हा आपला पुढे ओढतोय. मग पुढची चाकं उचलतो आणि उलटा मागे पडतो. तुझा क्लेम खाली सापडला. हे मी तुला नोव्हेंबरात लिहिलं होतं, आज पुन्हा लिहिते. त्याला कळलंसुद्धा नाही, मर्सी. हे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास.

त्याला वर नेलं, टेकाडावर, चर्चमागे. इथल्या मातीत कुणाला ठेवायचं, ती स्वतःच दरवर्षी बोटभर खाली जाते. एलायच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली होती, ती तुझ्या मुलाला दिली. मामाशेजारी भाचा. आता मला एलायच्या डोक्याशी आडवं टाकावं लागेल. तुझा भाऊ म्हणेल, जन्मभर डोक्यावर बसली, मेल्यावर पण उतरेना.

हसलीस का? नसशील. मलाही लिहिताना हसू आलं नाही, सवयीने लिहिलं.

तू पाठवलेला मनुकांचा डबा ख्रिसमसच्या आधी पोचला. उघडला नाही. लष्कर सुटल्यावर क्लेम परत तुझ्याकडे न जाता इथे का राहिला, असं तू मला एकदा विचारलं होतंस. माझ्या हातच्या मनुकांच्या पुडिंगसाठी राहिला, असं तो सगळ्यांना सांगायचा. खोटारडा. त्याला ही काळी जमीन आवडली होती.

घर आणखी चराकडे झुकलंय. टेबलावर अंडं ठेवलं की भिंतीपाशी जातं. दार पुन्हा अडकतंय. दरवर्षी शेजारचा ओबेद सेचेल येऊन तासून द्यायचा, यंदा आला नाही.

तुझी,
थर्झा

*

मॅनिटोबा, कॅनडा
२४ जानेवारी

वहिनीबाई,

काठी होती. बरं. मग माझा मुलगा खोडावर कसा गेला?

तू जे लिहिलं नाहीस ते फायसनसाहेबांनी लिहिलंय. शेताचे मालक, परका माणूस, त्यांना मला सांगावंसं वाटलं, आणि तुला वाटलं नाही. काठी शेंड्याला होती म्हणे.

मी काय विसरले असं तुला वाटतं, थर्झा? काठी बुंध्याला खोचायची. सगळ्या खोडांचे शेंडे चर्चच्या मनोऱ्याकडे. कुठल्या जुन्या वादळाने पाडली देव जाणे, पण सगळी एका दिशेला पडली. म्हणजे काठी दिसली की मनोऱ्याच्या बाजूने लांबून वळसा घालायचा, आणि मागच्या बाजूने बिनधास्त जायचं. हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. शाळेत तू शेवटच्या बाकावर चिमटे काढत होतीस तेव्हा कटलॅकबाईंनी शिकवलं होतं. मी क्लेमला इथे, सपाट बर्फावर, काटक्या रोवून शिकवलं होतं. चार वर्षांचा होता.

तर त्याने बरोबर केलं. काठी बघितली, मनोऱ्याची बाजू सोडली, मागच्या बाजूने गेला, आणि खोड तिथेच होतं.

फायसनसाहेब लिहितात की ती काठी ओबेद सेचेलने लावली होती, आणि त्याने चौकशीत स्वतः कबूल केलं. पंचवीस मार्चला गडी बदलतात, तेव्हा त्याला त्यांनी दिलेलं घर रिकामं करायला सांगायचं की ठेवायचं, हे ते माझ्यावर सोपवतात. आईचा शब्द, म्हणतात.

इथे शून्याच्या खाली तीस आहे. क्लेमचे बाबा दिवसभर गोठ्यात असतात. जेवायला येतात, माझ्याकडे बघत नाहीत. मीच त्याला इंग्लंडात राहू दिलं असं त्यांना वाटतं. त्याचा हिवाळी कोट दारामागे आहे, मी तो काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

तू हे मला का लिहिलं नाहीस?

मर्सी

*

सॅलो ड्रोव
६ फेब्रुवारी

लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नाही. असं धर.

चौकशी शाळेतच झाली. तीच शाळा, तीच खोली, तोच नकाशा, आपल्यापेक्षा जास्त फाटलेला. परगावचा साहेब कटलॅकबाईंच्या खुर्चीत बसला. ओबेदला पुढच्या बाकावर बसवलं. एवढा उंच माणूस, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला. एरवी मी त्याला म्हटलं असतं, ओबेद, गृहपाठ आणलास का?

साहेबाने विचारलं, "काठी तुम्ही लावली?"

"मीच लावली. एप्रिलात."

"कुठल्या टोकाला?"

"बुंध्याला."

"सापडली ती शेंड्याला."

ओबेद बराच वेळ हातातल्या टोपीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग माझंच चुकलं असणार, साहेब." एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. साहेबाने लिहिलं, अपघात. आणि आम्ही सगळे बाहेर आलो, आणि सगळे वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो.

आता ऐक. त्या शेतात बारा काठ्या होत्या. बाराच्या बारा ओबेदच्या. दुसऱ्या दिवशी तो लोखंडी गज घेऊन एकटा गेला आणि एकेका काठीशी गज ठोसून बघितलं. अकरा बरोबर. अकराच्या अकरा बुंध्याला. घरी आला आणि दारात मला म्हणाला, "थर्झा, अकरा बरोबर लावल्या मी. मग बारावीला मला काय झालं?" मी म्हटलं, आत ये, चहा घे. आला नाही. तेव्हापासून रोज जातो. गज टोचतो, परत येतो. चाळीस वर्षं नांगर धरला, सॅलो ड्रोवमधलं प्रत्येक खोड त्याला तोंडपाठ होतं. आता पत्नीचं नावसुद्धा त्याला क्षणभर आठवावं लागतं, असं तो म्हणतो. ती जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला माहीत आहे की त्याला तिचं नाव चांगलं आठवतं. तो स्वतःलाच पटवतोय की त्याचं डोकं गेलं.

त्याला घालवू नको, मर्सी. चूक कुणाचीही होते. लोक म्हणतात खोडं दरवर्षी वर येतात. खोडं कुठली वर येतात? आपणच खाली चाललोय. अशा जमिनीत कुणाची चूक कुठे, कोण सांगणार?

ते घर गेलं तर तो शहरात बहिणीच्या सुनेकडे जाईल. तिथून शेत दिसत नाही. तो महिनाभर टिकायचा नाही.

फायसनसाहेबांना लिही, राहू दे म्हणून. माझ्यासाठी लिही.

तुझी,
थर्झा

ता. क. तुझ्या मुलाचे बूट माझ्याकडे आहेत. स्वच्छ केलेत. पाठवू का?

*

मॅनिटोबा
१९ फेब्रुवारी

वन्सं म्हणून नाही, मैत्रीण म्हणून विचारते. तुझं आणि त्या ओबेदचं काही आहे का?

मी तुझं पत्र दोनदा वाचलं. क्लेमबद्दल एक ओळ, तीही ताजा कलम. ओबेदबद्दल दीड पान. त्याची टोपी, त्याचे गुडघे, त्याची पत्नी, त्याचा चहा. मला राग आला. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "मर्सी, तुझी वहिनी त्याच्यावर जीव टाकते." मग पुन्हा गोठ्यात गेले.

एलायला जाऊन सहा वर्षं झाली. मी काही म्हणत नाही. बावन्नाव्या वर्षी माणूस दगड होत नाही. पण हे सरळ सांग ना. लग्नाआधी सुद्धा एलायचं नाव तू माझ्यापासून चार महिने लपवलंस, आणि मी मूर्खासारखी त्यालाच चिठ्ठ्या लिहून कळवत होते, की तुला दुसरा कुणीतरी आवडतो.

बूट पाठवू नको. इथे येऊन त्या बुटांचं मी काय करू?

त्याला माफ कर असं तू म्हणतेस. तू त्याला रोज बघतेस म्हणून तुला सोपं आहे. मला फक्त एक माणूस दिसतो, चाळीस वर्षांचा अनुभव असलेला, आणि एक काठी चुकीच्या टोकाला.

मर्सी

*

सॅलो ड्रोव
२७ फेब्रुवारी

आहे असं समज. तुझा नवरा हुशार आहे, गोठ्यात वाया चाललाय.

खरंच समज. सॅलो ड्रोवमध्ये माझ्या वयाचे तीन पुरुष उरलेत. एक बहिरा, एक उपदेशक, एक ओबेद. बहिऱ्याला माझ्या थट्टा ऐकू येत नाहीत, उपदेशकाला कळत नाहीत. मग राहिलं कोण?

हे वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतं.

थंडी सरतेय. बीटाच्या शेतात अजून हंस बसतात, दोनशेक असतील, दिवसभर बडबड करतात, आमच्या बायकांच्या टोळीसारखी. आम्ही सेलरीच्या रोपांची तयारी करतोय. क्लेमची जागा ट्रॅक्टरवर दुसऱ्या एकाने घेतली, बाहेरगावचा आहे, खोडांची त्याला काही माहिती नाही. सोमवारी तो ओबेदकडे गेला, म्हणाला, "आजोबा, मला वरच्या शेतातली खोडं दाखवा." ओबेद म्हणाला, "मला विचारू नको बाळा. मी माणूस मारलाय."

मी तिथेच चरातून पाणी भरत होते. त्याने हे किती साधं म्हटलं म्हणून सांगू! पाऊस येणार आहे, असं म्हणावं, तसं.

मग घरामागे गेला आणि काठ्यांचा भारा होता ना, वाळुंजाच्या सोललेल्या काठ्या, वर्षभर सवडीने करून ठेवलेल्या, तो कुऱ्हाडीने तोडून चुलीसाठी रचून ठेवला. चिंध्यांची पिशवीपण जाळली. त्याच्या जुन्या लाल आतल्या चड्ड्यांच्या चिंध्या होत्या त्या, बरं का. सगळ्या गावाला माहीत होतं. आम्ही बायका म्हणायचो, ओबेदच्या चड्डीने सॅलो ड्रोवमधले जीव वाचतात.

आता या गावाला खोडं दाखवणारं कुणी नाही. दुसऱ्या कुणाला ती येत नाहीत. आणि त्या बाहेरगावच्यालाही आई असेलच ना कुठेतरी.

तू म्हणतेस, क्लेमबद्दल एकच ओळ. मी दुसरी लिहायला बसते आणि पेन थांबतं. तो माझ्या घरात दोन वर्षं राहिला, मर्सी. मला मूल नव्हतं हे तुला माहीत आहे. त्याची खुर्ची टेबलाशी आहे, झुकलेल्या जमिनीमुळे तिच्या एका पायाखाली तो पुठ्ठा घालायचा. तो पुठ्ठा तिथेच आहे. मी तिकडे बघत नाही. मी ओबेदच्या टोपीकडे बघते, कारण तिच्याकडे बघता येतं.

पंचवीस तारीख जवळ आली. अजून फायसनसाहेबांना लिहिलं नाहीस ना? तसं असेल तर लिही.

थर्झा

*

मॅनिटोबा
८ मार्च

थर्झा,

मी फायसनसाहेबांना पत्र लिहिलं. त्याला घालवा असं लिहिलं. पाकीट बंद केलं. अजून टाकलं नाही, तुझ्या उत्तराची वाट बघेन.

आता तू एक सांग, आणि या वेळी थट्टा नको. तू त्याच्याशी लग्न करणार आहेस का? खरंच करणार असशील तर मी ते पत्र चुलीत टाकते. त्याला माफ करते म्हणून नाही. तू एलायची आणि माझी माणूस आहेस, आणि क्लेमने शेवटची दोन वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, म्हणून. तुझ्या घरातला माणूस मी बेघर करणार नाही.

हो असेल तर एवढंच लिही, हो. मी फायसनसाहेबांना तार करीन.

हो नसेल तर मला काही लिहू नको.

मर्सी

*

सॅलो ड्रोव
१५ मार्च

मर्सी,

तुझं पत्र काल आलं. हो लिहिणं किती सोपं होतं. एक अक्षर आणि ओबेदचं घर वाचलं असतं. पेन हातात घेतलंही होतं.

मग वाटलं, निदान आधी नवऱ्या मुलाला तरी विचारावं. तुझा मनुकांचा डबा फोडला, पुडिंग केलं, थाळीवर फडकं टाकलं आणि त्याच्याकडे गेले. दुपार होती, तो दारातच बसला होता, गज मांडीवर. मी म्हटलं, "ओबेद, माझ्याशी लग्न करतोस का? कॅनडाहून हुकूम आलाय. केलंस तर घर राहील."

तो हसला नाही. पुडिंगकडे बघत म्हणाला, "तुझ्या टेबलाशी तो बसायचा, थर्झा. त्या खुर्चीत मी बसू?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तिथेच, उभ्यानेच. चार महिने जे तुला लिहिता येत नव्हतं ते.

आणि मर्सी, तो हसला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. म्हणाला, "पोरी, तू माझ्या डब्यात बेडूक घातलास तेव्हा म्हणालीस मी नाही घातला. माझ्या घोड्याला तुझी शाल बांधलीस तेव्हा म्हणालीस वाऱ्याने गेली. जन्मभर केलेलं नाही म्हणालीस, आता न केलेलं केलं म्हणतेस. मला वाचवायला. चांगली आहेस तू." आणि माझा हात थोपटला. मी ओरडले त्याच्यावर. शपथ घेतली. तो मान हलवत राहिला, "चांगली आहेस तू, चांगली आहेस." पुडिंगला हात लावला नाही.

म्हणजे घर राहिलं तरी तो माणूस राहात नाही. तो त्या घरात बसून मरेल, मनात हेच घेऊन, की मी त्या पोराला मारलं. फायसनसाहेबांकडे जाऊन काय उपयोग? तेही हात थोपटतील. मी सॅलो ड्रोवमधली चेष्टेखोर बाई, आणि आता गावभर आहे की मी ओबेदवर जीव टाकते. तूच एक आहेस. आईचं म्हणणं ते ऐकतील, आणि तू लिहिलंस तर ओबेदही ऐकेल. पण आधी तुझा विश्वास बसला पाहिजे. म्हणून नीट वाच.

सप्टेंबरात चॅपलमध्ये सुगीची प्रार्थना होती. दरवर्षी फायसनसाहेब पहिल्या बाकावर झोपतात, तोंड उघडं टाकून, आणि दरवर्षी आम्ही बायका हसू दाबतो. यंदा मला एक सुचलं. त्यांच्या बाकाशेजारी एक काठी उभी करायची, लाल चिंधीची. इथे खोड आहे, वळसा घालून जा. कळलं ना? ओबेदच्या भाऱ्यातून एक घेतली असती, तर त्याचं कुत्रं भुंकलं असतं. म्हणून जाता जाता शेतातलीच एक उपटली. कोटाखाली लपवून नेली. प्रवचन ऐन रंगात आल्यावर सुगीसाठी मांडलेल्या भोपळ्यांच्या आडून ती हळूच बाकाला टेकवून ठेवली. मागच्या रांगा एकदम हसत सुटल्या. उपदेशकाला वाटलं आपल्या उपदेशाने लोकांना रडू आलं. ओबेदही हसला, डोळे पुसत हसला. त्याला वाटलं पोरांनी त्याच्या भाऱ्यातली आणली. सगळ्यांना तसंच वाटलं. ती शेतातली आहे हे फक्त क्लेमला माहीत होतं, कारण कोटाखालून निघालेली चिंधी त्यानेच आत खोचून दिली होती.

संध्याकाळी मी ती परत लावायला गेले. धुकं इतकं उतरलं होतं की मनोरा दिसत नव्हता, चरसुद्धा दिसत नव्हता. भोक बुजलं होतं. मी काठी जमिनीत टोचत टोचत गेले, आणि एका जागी टक् आवाज आला. लाकूड. मी म्हटलं, सापडलं. तिथेच खोचली. बुंधा की शेंडा, काही बघितलं नाही. दिसतच नव्हतं, आणि मला थंडी वाजत होती, आणि मी अजूनही हसत होते.

चौकशीच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. ओबेदच्या अगदी मागे. तो टोपीकडे बघत होता तेव्हा मी त्याच्या मानेकडे बघत होते. उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं. नाही राहिले. वाटलं, अपघातच लिहितायत, कुणाला शिक्षा नाही, मग कशाला? आणि मला तुझी भीती वाटली, मर्सी. तुझीच. तू मला पुन्हा कधी पत्र लिहिणार नाहीस याची.

तू म्हणशील, ही पण थट्टाच. ओबेदला वाचवायला रचलेली गोष्ट. ह्यांना वाचून दाखवशील आणि हे म्हणतील, बघ, किती जीव टाकते. म्हणून आता शेवटचं सांगते. कुणी स्वतःबद्दल हे रचणार नाही.

त्या सकाळी क्लेम दारात बसून बूट घालत होता. म्हणाला, "मामी, आज वरचं शेत आहे. ती काठी तू बुंध्यालाच लावलीस ना गं?" मी कांदे चिरत होते. मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही हे मला माहीत होतं. म्हटलं असतं, थांब, आपण जाऊन बघू, तर दहा मिनिटं गेली असती.

मी म्हटलं, "हो रे भित्र्या, बुंध्यालाच."